जुन्या बार्बेक्यू ग्रिलचा रंग काढायचा आहे : कुठल्या भागाला काय चालतं?

खाडीकाठचा (मांद्रे)

मंडळी, शॅकच्या जुन्या सामानातून तीन वस्तू घेतल्या आहेत. तिन्हींवरचा रंग मुळापासून काढायचा आहे.

पहिली, चार बर्नरची गॅस ग्रिल. झाकण पत्र्याचं, वर काळा रंग आणि काळ्याखाली चंदेरी. खालची पेटी ओतीव, तिच्यावरचा काळा रंग जागोजागी फुगलाय. ट्रॉली चौकोनी पाइपची, तिच्यावर पिवळा ऑइल पेंट, निदान तीन हात. जाळ्या बिडाच्या. दुसरी, गोल केटल. झाकणावर चकाकणारा काळा थर आणि कडेला रुपयाएवढा टवका उडालेला. तिसरं, उभं कापलेलं २०० लिटरचं पिंप. बाहेरून निळं, आतून सोनेरी-तपकिरी थर.

ट्रॉलीच्या एका पायावर ८० नंबरचा पॉलिश पेपर मारून पाहिला. दहा मिनिटांत पेपर रंगाने भरून गुळगुळीत होतो. जेवढं लोखंड उघडं पडलं तेवढं दुसऱ्या सकाळी तांबूस. चवथ झाली, पाऊस अजून आहे, आणि ऑक्टोबरच्या मध्याला माल तयार हवा.

सगळं एकाच पिंपात कॉस्टिक सोड्यात बुडवलं तर चालेल का? झाकणाच्या आतून काळे पोपडे सुटताहेत, तो रंगही काढायचा ना? आणि उघडं लोखंड रात्रभर कसं सांभाळायचं? काम अंगणात, पत्र्याच्या शेडखाली. विहीर पंधरा हातांवर आहे.

---

भट्टीवाला

सगळं एका पिंपात नको. पेटी तर मुळीच नको.

आधी लोहचुंबक घेऊन बसा. गॅस ग्रिलची ओतीव पेटी बहुधा अॅल्युमिनियमची असते. चुंबक चिकटला नाही आणि आकाराच्या मानाने वजन कमी वाटलं, तर अॅल्युमिनियमच. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमला खातो. रंग सुटायच्या आधी धातू विरघळायला लागतो, द्रावण आपोआप तापतं, वर फेस येतो, आणि तो फेस हायड्रोजनचा असतो. शेडमध्ये जवळ कुणी बिडी ओढत असेल तर पुढचं सांगायला नको.

जिथे चुंबक चिकटतो तिथे दुसरी परीक्षा. कापसाचा बोळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवून रंगावर अर्धा मिनिट दाबून धरा. बोळ्याला रंग लागला तर तो लॅकर किंवा कमी तापलेला स्प्रेचा रंग. रंग सुरकुतून मऊ पडला तर सिंथेटिक एनॅमल, म्हणजे आपला ऑइल पेंट. काहीच झालं नाही तर पावडर कोटिंग, इपॉक्सी किंवा नीट भाजलेला उष्णतारोधक सिलिकॉन रंग. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, पण पुढची सगळी पद्धत तिच्यावर ठरते. कॉस्टिकला फक्त ऑइल पेंट नीट वश होतो, कारण त्यातल्या तेलाचा साबण होतो. इपॉक्सी आणि सिलिकॉन त्यात दोन दिवस ठेवले तरी बरेचसे जसेच्या तसे निघतात.

झाकणावरचा चंदेरी थर चाकूच्या टोकाने खरवडा. बोटाला चंदेरी भुकटी लागली तर तो अॅल्युमिनियमयुक्त उष्णतारोधक रंग, काढायचा. भुकटी न येता नुसती चकचकीत रेघ उमटली किंवा फुलाफुलांची नक्षी दिसली तर जस्ताचा मुलामा. जस्तालाही कॉस्टिक चालत नाही, आणि आगही नाही.

झाकणाच्या आतले काळे पोपडे म्हणजे रंग नव्हे. बहुतेक ग्रिलना आतून रंग नसतोच. ती वर्षानुवर्षांची चरबी, जळून कोळसा झालेली. रंगाचा पोपडा वाकतो, दुमडतो. हा बोटात चुरडला की काजळी होते. त्यासाठी रसायन लागत नाही. भिंतीला लांबी भरायची रुंद पट्टी घेऊन खरवडा, मग उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा, लिटरला दोन मोठे चमचे, आणि काथ्या. आतून पुन्हा रंग देऊ नका, तो जेवणावर पडेल. तेलाचा हात देऊन तापवा, बस. पेटी अॅल्युमिनियमची निघाली तर तिला हे सोड्याचं उकळतं पाणीही नको, तो काळी पाडतो. भांड्यांचा साबण पुरे.

केटलला हात लावू नका. तो चकाकणारा थर पोर्सेलीन इनॅमल आहे, म्हणजे सुमारे ८०० अंशांवर पत्र्यावर वितळवून बसवलेली काच. वेबरच्या केटलचं बाउल आणि झाकण याच थराचं असतं. ग्राइंडर लावलात तर टवक्याच्या कडेने काचेचे तुकडे उडत राहतील. टवक्यातला गंज १२० नंबरच्या पेपरने काढा, बाहेरून उष्णतारोधक काळ्याचा एक ठिपका द्या, आतून नुसतं तेल.

---

कॉस्टिकपंथी

अॅल्युमिनियमचं वरती बरोबर आहे. पण पोलादी पाइपच्या ट्रॉलीला कॉस्टिकसारखं स्वस्त काही नाही, म्हणून प्रमाण लिहून ठेवतो.

१० लिटर पाण्याला १ किलो कॉस्टिकच्या पापड्या. पाण्यात कॉस्टिक, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. मूठ-मूठ टाकत लाकडी काठीने ढवळायचं. या प्रमाणात पाणी साधारण २५ अंशांनी तापतं, म्हणजे आपल्याकडच्या ३० अंशांच्या पाण्याचं ५५ होतं. सगळी पिशवी एकदम ओतली तर पापड्या तळाशी दगडासारख्या बसतात आणि त्या जागी पाणी उकळून तोंडावर उडतं. भांडं जाड प्लास्टिकचं किंवा लोखंडी. अॅल्युमिनियमचं टोप नको, जस्ती बादली नको. पावसाळ्यात उघडी पिशवी हवेतलं पाणी ओढून पाझरते, तेव्हा वापराल तेवढीच फोडा.

कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, बंद चष्मा, पूर्ण बाह्या, पायात गमबूट. शेजारी पाण्याची सोडलेली नळी. अंगावर उडालं तर १५ मिनिटं नुसतं पाणी; डोळ्यात उडालं तर १५ मिनिटं पाणी आणि लगेच डॉक्टर. व्हिनेगर कातडीवर किंवा डोळ्यात कधीही नाही.

द्रावण गरम असतानाच भाग बुडवा. ऑइल पेंटचे तीन हात चार-सहा तासांत सुटतात, न सुटल्यास रात्रभर. वर झाकण हवं, कारण कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन धुण्याचा सोडा बनत जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी द्रावण थकलेलं वाटतं ते त्यामुळेही. सुटलेला रंग नायलॉनच्या ब्रशने आणि पाण्याच्या धारेने निघतो.

एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. पाइप पोकळ आहे. टोकाच्या प्लास्टिकच्या बुच्या न काढता बुडवलं तर कॉस्टिक फटीतून आत शिरतं आणि तिथेच राहतं. नवा रंग दिल्यावर महिन्याभराने वेल्डिंगच्या सांध्यातून पांढरं पाझरतं आणि त्याभोवतीचा रंग सालासारखा सुटतो. बुच्या काढा, धुताना नळी पाइपच्या एका तोंडाला लावून दुसऱ्या तोंडातून पाणी येईपर्यंत सोडा, आणि शेवटच्या पाण्याला लिटमस कागद लावून पाहा, निळा पडला तर कॉस्टिक अजून आहे. बोटांना बुळबुळीत लागतंय तोवर धुणं संपलेलं नाही.

कॉस्टिक गंज काढत नाही. तो वेगळा विषय.

---

रिकामी बादली

ट्रॉली *पिवळी* आहे, तीन हातांची आहे आणि विहीर पंधरा हातांवर आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र वाचा.

पिवळ्या, नारिंगी आणि लाल औद्योगिक रंगांत शिशाचं क्रोमेट वर्षानुवर्षं वापरलं गेलं. शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) वर नको हा आपल्याकडचा नियम २०१६ चा, नोव्हेंबर २०१७ पासून लागू, आणि तोही घरगुती व सजावटीच्या रंगांना. यंत्रांचा, पाइपांचा पिवळा त्याच्या कक्षेत येत नाही. तेव्हा हा पिवळा शिशाचाच आहे असं समजून चाला.

म्हणून दोन गोष्टी करू नका. कोरडा पॉलिश पेपर किंवा ग्राइंडरचा ब्रश नको. धूळ फुप्फुसात जाते आणि शेडखालच्या मातीत वर्षानुवर्षं राहते, जिथे पोरं आणि कोंबड्या फिरतात. आणि कॉस्टिकचं पिंप नको. शिसं तीव्र कॉस्टिकमध्ये विरघळतं. रंगाचा चोथा गाळून घेतला तरी वीस-तीस लिटर पाणी शिसंयुक्त उरणार. ते ओतणार कुठे? जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी भेगांतून झपाट्याने खाली उतरतं, आणि तुमची विहीर तिथेच आहे.

ट्रॉलीला जेलसारखा पेंट रिमूव्हर लावा. त्यातून कचरा पाण्यात नाही, पट्टीवर निघतो. खाली जाड ताडपत्री, खरवड ओली असतानाच जुन्या वर्तमानपत्रात, तिथून घट्ट झाकणाच्या रंगाच्या रिकाम्या डब्यात. रंगाचे डबे हे घनकचरा नियमांत वेगळ्या द्यायच्या कचऱ्यात धरले आहेत. पंचायतीच्या गाडीला वेगळं सांगून द्या, सुक्या कचऱ्यात दडपून नको.

---

कॉस्टिकपंथी

पिवळ्याचा मुद्दा मान्य. पण मग माझं पिंप रिकामं ठेवू नका: बिडाच्या जाळ्या त्यात घाला. त्यांच्यावर रंग नसतोच, जळलेली चरबी असते, आणि चरबीवर कॉस्टिकसारखं औषध नाही. त्यासाठी पातळ द्रावण पुरतं, लिटरला २५ ग्रॅम, दोन-तीन दिवस. अट एकच: नवं द्रावण. ज्यात कुठलाही रंग काढला त्यात जेवणाची जाळी बुडवायची नाही.

त्याआधी जाळी नीट पाहा. तिच्यावर इनॅमलचा थर असेल आणि त्याचे कपचे उडत असतील तर ती भंगारात. बीड उघडं असेल तरच हा खटाटोप. बाहेर काढली की धुऊन लगेच विस्तवावर कोरडी करायची, पाच मिनिटांत गंज धरते. मग तेलाचा अगदी पातळ हात, कापडाने पुसून जवळजवळ काढून टाकलेला, आणि धूर थांबेपर्यंत तापवणं. असे तीन वेळा. तेल जाड राहिलं तर चिकट राळ होते.

उरलेलं द्रावण मारायला सायट्रिक अॅसिड, वाण्याकडचं लिंबूसत्त्व. १ किलो ताज्या कॉस्टिकला सुमारे पावणेदोन किलो लागतं. वापरलेल्याला कमी, म्हणून थोडं-थोडं टाकत लिटमस पाहत जा. हे फक्त रंग न लागलेल्या द्रावणापुरतं.

---

खाडीकाठचा

चुंबक लावला. पेटी अॅल्युमिनियमची. झाकणाला चुंबक चिकटतो, चंदेरीची भुकटी येते. वरच्या काळ्यावर थिनरचा काही परिणाम नाही. ट्रॉलीचा पिवळा सुरकुतला.

मग ट्रॉली आणि पेटीला रिमूव्हर, झाकणाला काय? आणि हार्डवेअरमधला रिमूव्हर कसा वापरायचा? दुकानदार म्हणतो, "लावा आणि पुसा, काही नाही त्यात."

---

भट्टीवाला

दुकानदाराला डब्यावरचं वाचून दाखवायला सांगा. मिथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिलं असेल तर ते काम उत्तम करतं आणि माणूसही मारतं. अमेरिकेत २०१९ मध्ये घरगुती विक्रीसाठी त्यावर बंदी आली ती बंद न्हाणीघरांत टब खरवडताना लोक मेले म्हणून. शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी या कामाला उभंच राहू नये. वाफ हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचते. कोळशाच्या काडतुसाचा मास्क या वाफेला फार वेळ धरत नाही, त्याच्या भरवशावर खोलीत काम करू नका. उघडं अंगण, वारा पाठीमागून, जवळ शेगडी किंवा उदबत्तीसुद्धा नको. ज्वालेत या वाफेचा फॉस्जीन हा विषारी वायू होऊ शकतो.

निळे नायट्राइलचे हातमोजे यात काही मिनिटांत फुगतात. दोन-दोन चढवा आणि थेंब लागला की वरचा बदला. अनेक पदरी लॅमिनेटचे मिळाले तर उत्तम.

हा द्रव ४० अंशांना उकळतो. आपल्याकडे दुपारी उन्हातला पत्रा ५० च्या वर असतो. तिथे लावलात तर काम करायच्या आधीच उडून जातो आणि लोक म्हणतात रिमूव्हर बोगस. सकाळी, सावलीत, थंड धातूवर. ब्रशने दोन-तीन मिलिमीटर जाड थर, एकाच दिशेने. मागे-पुढे ब्रश फिरवू नका. त्यात मेण असतं, ते वर तरंगून साय धरतं आणि वाफ आत कोंडून ठेवतं. ब्रश फिरवला की साय फाटते. वरून साधी पॉलिथिनची पिशवी पसरा. २० मिनिटांनी रंग उसळून सुरकुततो, तेव्हा पट्टीने ढकला. तीन हातांच्या ऑइल पेंटला दोन फेऱ्या लागतात, पावडर कोटिंगला तीनसुद्धा. शेवटी मेण थिनरने दोनदा पुसून काढा, दुसऱ्यांदा नव्या फडक्याने. मेण राहिलं तर नवा रंग पाण्यासारखा गोळा होऊन सरकतो.

पेटीला हेच. फक्त खरवडायला प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी, आणि कोपऱ्यांना पितळी ब्रश. साधा पोलादी तारेचा ब्रश अॅल्युमिनियमवर किंवा स्टेनलेसवर मारला की लोखंडाचे कण आत रुततात. खाऱ्या हवेत पंधरा दिवसांत त्या जागी तांबडे ठिपके उठतात आणि मग स्टेनलेस खोटं निघालं असा बोभाटा होतो.

झाकणाला यंत्र. भाजलेल्या सिलिकॉन रंगावर रिमूव्हर रेंगाळतो. १०० मिलिमीटरचा ग्राइंडर आणि त्यावर नायलॉनची काळी, स्पंजासारखी स्ट्रिप डिस्क. ती पत्रा न खाता रंग उचलते. फ्लॅप डिस्क नको. पत्रा १ ते १.२ मिलिमीटरचा असतो, एका जागी तीन सेकंद थांबलात की निळा पडतो, मग बाक धरतो आणि झाकण पेटीवर बसत नाही. वायर कप ब्रश घेतलात तर आटा एम१० (१० मिलिमीटरचा) आहे का आणि ब्रशवर छापलेले फेरे ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहेत का ते पाहा; छोटे ग्राइंडर ११,००० च्या आसपास फिरतात. तारा सुटून टाचणीसारख्या रुततात, म्हणून पूर्ण चेहऱ्याची ढाल. आणि तारेचा ब्रश फिरवल्यावर आसपासचे भाग चुंबकाने झाडून घ्या. जाळीवर राहिलेली एक तार मासळीबरोबर पोटात जाते.

---

वेल्डरबाब

यात एक सोपा उपाय कुणीतरी सुचवणारच, म्हणून आधीच लिहितो: करवंट्यांची आग करून सगळं त्यात टाकणं. करवंटीची आग फार तापते. ओतीव अॅल्युमिनियम ६०० अंशांच्या आसपास वितळतं, त्याच्या बरंच आधी मऊ होऊन वाकतं. पातळ पत्रा पिळवटतो. बीड एका बाजूने तापलं आणि त्यावर पावसाचा थेंब पडला की टाण् करून तडकतं. जस्ती भागातून पांढरा धूर येतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगवाल्यांना तो ताप ठाऊक आहे. आणि शिशाचा पिवळा जाळला तर धूर शेजाऱ्यांच्याही घरात. हीट गन मर्यादेत चालते, पण शिशाच्या शंकेच्या रंगावर ५९० अंशांच्या वर कधीच नाही. या ट्रॉलीवर तर मी काढणारच नाही.

आगीला लायक एकच वस्तू आहे, ती म्हणजे पिंप. आतला सोनेरी थर इपॉक्सी-फिनॉलिक वार्निश आहे, थिनरला भीक घालत नाही. पण आधी पिंपात काय होतं ते कळलं पाहिजे. खाद्यतेल किंवा फळांचा रस असेल तर पुढे जा. लेबलवर कवटी, ज्वाला किंवा रसायनाचं नाव असेल, किंवा लेबलच नसेल, तर त्यावर जेवण शिजवू नका. भंगारवाल्याला द्या, दुसरं शोधा. बाहेरचा निळा रंग आधी स्ट्रिप डिस्कने काढा, कारण तो जाळायचा नाही. मग घरापासून लांब, उघड्यावर, लाकडाची चांगली आग तासभर. थर राखाडी होऊन भुकटी झाला पाहिजे. जिथे तपकिरी चमक राहिली तिथे पुन्हा. थंड झाल्यावर वायर ब्रश, धुणं, तेल. आपलं पिंप आधीच कापलेलं आहे ते बरं. न कापलेल्या बंद पिंपाला ग्राइंडर लावणं म्हणजे आत उरलेल्या वाफेला ठिणगी देणं.

जाळ्या बदलायच्या ठरल्या तर जुन्या फ्रिजच्या जाळ्या नकोत. काहींना कॅडमियमचा मुलामा असतो. ८ मिलिमीटरची एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) ची सळी कापून वेल्ड करून घ्या.

---

खाडीकाठचा

बाब, पिंपाला लेबल नाही. जातंय भंगारात.

आता गंजाचं सांगा. पाय पुसून कोरडा ठेवला होता, तरी सकाळी तांबडा.

---

रिकामी बादली

कोरडा ठेवला असं वाटलं, पण रात्री तो ओला झाला होता. हवेत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दव पडायचं तापमान साधारण २६ अंश. आर्द्रता ९५ वर गेली की ते २९ च्या वर चढतं. रात्री शेडखालचं लोखंड हवेपेक्षा किंचित थंड पडतं आणि त्यावर न दिसणारी पाण्याची साय धरते. औद्योगिक रंगकामाचा नियम असा की धातू दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम असल्याशिवाय रंग लावायचा नाही. सप्टेंबरातल्या आपल्या सकाळ-संध्याकाळी तो नियम पाळताच येत नाही. म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच भाग त्या दिवशी उघडा करायचा. ट्रॉली पूर्ण खरवडून रविवारी रंगवू म्हणून ठेवली की मेहनत वाया.

दुसरं कारण मीठ. किनाऱ्यावर राहिलेल्या लोखंडाच्या खड्ड्यांत क्लोराइड बसलेलं असतं. गंज घासून काढला तरी ते तळाशी राहतं, हवेतलं पाणी ओढतं, आणि तासाभरात त्याच जागी काळसर ठिपके परत येतात. ठिपके जागा बदलत नसतील तर मीठच. उपाय घासणं नाही, धुणं. रंग काढायच्या आधी एकदा आणि काढल्यावर दोनदा, गोड्या पाण्याने, नायलॉन ब्रशने खड्डे कोरत. खाडीजवळच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी चाखून पाहा. मचूळ असेल तर नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं वापरा, नाहीतर मीठ काढता-काढता मीठच लावताय.

जुना गंज सायट्रिकच्या ५ टक्के द्रावणात जातो, लिटरला ५० ग्रॅम, तीन ते आठ तास. रात्रभर विसरलात तर लोखंड राखाडी आणि खरखरीत होतं. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना बिंबल चोळतात त्यातलंच हे शास्त्र, फक्त मोजून. पुन्हा धुणं, मग ब्लोअरने सुकवणं, सांध्यांत आणि पाइपच्या आत विशेष.

वेळापत्रक असं बसवा. सकाळी आठला रिमूव्हर, दहापर्यंत खरवडून मेण पुसलेलं, अकरापर्यंत धुऊन सुकलेलं. मग अर्धा तास उन्हात. हाताला गरम लागावा पण हात ठेवता यावा, म्हणजे ३५-४० अंश. त्याहून तापला तर थिनर झपकन उडून रंगात फोड येतात. रंग पूर्ण निघालेल्या लोखंडाला ८० नंबर, मग १२० नंबरचा हात, थिनरचं फडकं, आणि दोनच्या आत पहिला कोट. चारनंतर स्प्रे उचलू नका. दमट हवेत रंगावर पांढरट धुकं धरतं.

पाऊस आला आणि कोट राहिला, तर ट्रॉलीवर फॉस्फोरिक अॅसिडचा रस्ट कन्व्हर्टर पातळ लावा. करडा फॉस्फेटचा थर धरतो, एखादा दिवस निभावतो. झाकणाला हे नको. उष्णतारोधक सिलिकॉन रंगाला खाली स्वच्छ, उघडा धातूच लागतो.

---

भट्टीवाला

त्याला जोडून रंगाचं, कारण काढलेला रंग परत फुगतो तो इथे चुकल्यामुळेच.

ट्रॉली तापत नाही: इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर, वर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा चांगला एनॅमल. झाकण आणि पेटी तापतात: प्रायमर नाही, रेड ऑक्साइड तर नाहीच. रेड ऑक्साइड तापून कोळसतो आणि वरचा ६०० अंशांचा महागडा रंग घेऊन खाली येतो. तुमच्या पेटीवरचे फोड बहुधा असलेच. सिलिकॉनचे दोन पातळ कोट. जाड एक कोट फुगतो.

रात्रभर सुकल्यावर तो रंग नखाने निघतो. घाबरू नका, तो भाजल्याशिवाय पक्का होत नाही. ग्रिल पुन्हा जोडून मंद आचेवर १०० अंशांत अर्धा तास, मग २०० अंशांत एक तास. धूर आणि वास येईल, त्या दिवशी आत काही भाजू नका. थंड झाल्यावर थिनरचा बोळा लावून पाहा. रंग लागला नाही तर झालं.

---

वेल्डरबाब

जोडताना बर्नरच्या नळ्यांत तार घालून पाहा, कोळ्यांची जाळी आणि कुंभारणीची माती हमखास निघते. नळी बुजलेली असली तर ज्वाळ मागे सरकून नॉबजवळ येऊ शकते आणि पहिला जळतो तो तुमचा नवा रंग. रबरी नळी जुनी वापरू नका. आयएस ९५७३ छापलेली नवी सुरक्षा नळी लावा, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा, आणि मगच भाजायला पेटवा.

---

खाडीकाठचा

उद्या सकाळी ट्रॉलीची बुचं काढून एकच पाय घेतो. वीस मिनिटांत पॉलिथिनखाली सुरकुतला नाही तर परत विचारतो.

---

रिकामी बादली

पाय नको, आडवी पट्टी घ्या. उभ्या पायावर जेल खाली ओघळतं आणि वरचा हात अर्धाच सुटतो. पाय करायची वेळ येईल तेव्हा ट्रॉली आडवी पाडा.

आणि ताडपत्रीला विहिरीच्या बाजूने विटा लावून कडा उचलून घ्या.